खेळण्यातली बंदूक, खरी बंदूक आणि सहा वर्षांचा मुलगा

अंगणवेल | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१०

आम्ही डॅलसच्या एका उपनगरात राहतो. दिवाळीसाठी सासू-सासरे पुण्याहून आले आणि येताना नातवासाठी टिकल्यांची पत्र्याची बंदूक घेऊन आले. टिकल्या विमानातून आणता येत नाहीत हे सासऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे बंदूक नुसतीच आली. पण नातवाला तिचे काही वाटले नाही, कारण आवाज तो तोंडाने काढतो. बंदूक रुपेरी आहे, मूठ काळी आहे आणि चाप ओढला की घोडा खरोखर मागे जाऊन आपटतो. गेल्या आठवड्यात तो ती खिशात खोचून बागेत निघाला, तेव्हा शेजारच्या बाई रस्ता ओलांडून आल्या आणि हिच्या टोकाला नारिंगी रंग नाही, कृपा करून ही घराबाहेर नेऊ देऊ नका, असे अगदी गंभीरपणे सांगून गेल्या.

सासऱ्यांना वाईट वाटले. मी विषय मिटवला. पण त्याच रात्री मुलगा जेवताना सहज म्हणाला की त्याच्या मित्राच्या घरी खरी बंदूक आहे, बाबांच्या पलंगाजवळच्या खणात आहे आणि मित्राने ती पाहिली आहे. या मित्राकडे तो महिन्यातून दोनदा तरी खेळायला जातो. तेव्हापासून मला नीट झोप नाही. घरातले हे खेळणे बंद करावे का, मुलाला नेमके काय शिकवावे आणि त्या मित्राच्या आईवडिलांना हे विचारायचे तरी कसे, या तीन प्रश्नांवर आपले अनुभव सांगावेत.

---

तिरकस | २ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:३२

आमच्या पिढीने दर दिवाळीत टिकल्यांची आणि रोलची बंदूक उडवली, अंगणात चोर-पोलीस खेळताना दिवसाला वीस-वीस जण मारले, आणि आमच्यापैकी कोणीही पुढे दरोडेखोर झाल्याचे ऐकिवात नाही. खेळणे काढून घेतले तर मूल काठीची बंदूक करील आणि काठी काढून घेतली तर दोन बोटांची करील. बोटे कुठे कुलूपबंद करणार? २०१३ साली तिकडेच मेरीलँडमध्ये सात वर्षांच्या एका मुलाने पेस्ट्री कुरतडून तिला बंदुकीसारखा आकार दिला, म्हणून शाळेने त्याला दोन दिवस घरी बसवले होते. भीती एकदा या थराला गेली की मुलाला एवढेच कळते की मोठी माणसे पेस्ट्रीला घाबरतात. आजोबांची बंदूक मुलाला खेळू द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

---

शिशिरऋतू | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:०५

मी ओहायोत बालरोगतज्ज्ञ आहे. तिरकस यांच्याशी मी अर्ध्यापर्यंत सहमत आहे. खोट्या बंदुकीशी खेळणारे मूल पुढे हिंसक होते, अशी सरळ रेघ मी कधीही ओढणार नाही. परंतु आपल्या अंगणातल्या चोर-पोलीस खेळात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की आसपासच्या घरांत खरी बंदूक नाही. टेक्ससमध्ये ते गृहीत धरता येत नाही. २०२० पासून या देशात १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे, त्याआधी ते वाहन अपघात होते. यात खून आणि आत्महत्याही येतात, केवळ अपघात नव्हेत, हेही सांगितले पाहिजे.

आता नारिंगी रंगाविषयी. १९८८ च्या संघराज्य कायद्यानुसार येथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला भडक नारिंगी टोक असावे लागते. भारतातून आलेल्या खेळण्याला ते नसते. तथापि त्या टोकावर विसंबूही नये. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या क्लीव्हलँडमध्ये तामीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी बंदूक घेऊन खेळत होता. तिचे नारिंगी टोक निघालेले होते. फोन करणाऱ्याने ती बहुधा खोटी असावी आणि तो मुलगा अल्पवयीन असावा असे सांगितले होते, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाही आणि गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. तो कृष्णवर्णीय होता, आणि त्या दोन सेकंदांचा विचार करताना ही बाब वगळता येत नाही. आपली मुले गोरी नाहीत. तुमच्या शेजारणीने आगाऊपणा केला नाही, उपकार केले.

दुसरा प्रश्न शिकवण्याचा. येथे १९८८ पासून राष्ट्रीय रायफल संघटनेचा एक कार्यक्रम आहे, त्यात एक गरुड लहान मुलांना चार गोष्टी शिकवतो: थांब, हात लावू नकोस, तिथून पळ काढ, मोठ्या माणसाला सांग. वाक्ये चांगली आहेत, जरूर शिकवा. पण ती पाठ झाली म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे समजू नका. २००१ साली अटलांटा परिसरातील संशोधकांनी आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघातिघांच्या गटांनी एका खोलीत पंधरा मिनिटे सोडले. एका खणात दोन पाण्याच्या पिचकारी-बंदुका होत्या आणि दुसऱ्या खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल. ४८ मुलांना ते सापडले, ३० मुलांनी हाताळले आणि १६ जणांनी गोळी सुटेल इतक्या जोराने चाप ओढला. ज्यांना सापडले त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ते खरे की खोटे हे ओळखता आले नाही. आणि ज्यांनी हात लावला त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी आधी शिकवले गेले आहे, असे सांगितले होते.

म्हणून मी आईवडिलांना सांगतो की मुलाला शिकवणे हे तुमचे काम आहेच, पण तिथे कुलूप असणे हे मोठ्यांचे काम आहे आणि पहिले काम दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी, हा आमचा साधा नियम आहे.

---

अंगणवेल | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:२०

ही पंधरा मिनिटांची गोष्ट वाचून मी काही वेळ खुर्चीतून उठले नाही. माझा मुलगा तिकडे तीन-तीन तास असतो. डॉक्टर, पण विचारायचे कसे? पहिल्या भेटीत विचारले असते तर ठीक होते. आता दोन वर्षांच्या मैत्रीनंतर, तुमच्या पलंगाजवळच्या खणात काय आहे असे विचारणे म्हणजे मुलाने केलेली चुगली पुढे नेल्यासारखे होते. शिवाय येथे बंदूक हा राजकारणाचा विषय आहे आणि आम्ही बाहेरून आलेलो.

---

दशमी | ३ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:४५

ह्यूस्टनमध्ये मला चौदा वर्षे झाली आणि हा प्रश्न मी आजवर बहुधा तीसेक घरांना विचारला असेल. पहिल्यांदा हात थरथरत होते. आता दुधाची पिशवी आणायला सांगावे तितक्या सहजपणे विचारते. युक्ती एवढीच की तो एकटा विचारायचा नाही, इतर चौकशांच्या ओळीत बसवायचा. माझा नेहमीचा संदेश मराठीत सांगायचा तर असा असतो: “शनिवारी ती दोन वाजता येईल. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पोहता अजून नीट येत नाही, म्हणून तलावाच्या फाटकाला कडी असेल ना? आणि घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना? मी हे सगळ्यांनाच विचारते.” शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. “तुमच्याकडे बंदूक आहे का” असे विचारू नये, ती उलटतपासणी वाटते. “असेल तर कुलपात आहे ना” असे विचारले की समोरच्याला आपण जबाबदार आहोत हे दाखवण्याची संधी मिळते, आणि खरे सांगायचे तर बंदूक बाळगणारी बहुतेक माणसे या प्रश्नाने रागावत नाहीत, उलट तिजोरी कोणती घेतली याचे वर्णन अर्धा तास ऐकवतात. रागावले ते दोघेच. त्या दोन घरांतल्या मुली आमच्याकडे खेळायला येऊ लागल्या.

तुमच्या बाबतीत मुलाचे नाव मुळीच घेऊ नका. आजोबांच्या खेळण्याचे निमित्त आयते आहे. शेजारणीने टोकले आणि तेव्हापासून आम्ही घरी हा विषय बोलतो आहोत, असे म्हणून सुरुवात करा. आणि टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ती निष्काळजीपणे ठेवणे हा गुन्हा आहे, हे स्वतःला माहीत असू द्या, पण त्यांना ऐकवू नका.

---

कौलारू | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१५

सगळी चर्चा अमेरिकेची चालली आहे आणि शिशिरऋतू यांनी आपल्या अंगणात खरी बंदूक नव्हती असे गृहीत धरले आहे, म्हणून लिहितो. आमच्या अंगणात होती. सिंधुदुर्गात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेती राखण्यासाठी अनेक घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि तेवढे दिवस डुकरांनी भात खायचा, ही रड गावात दर निवडणुकीला ऐकू येते.

आमच्या आजोबांची बंदूक माजघरातल्या दोन खुंट्यांवर आडवी असे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागतात आणि मागे नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी, आम्ही तिला केप म्हणायचो, बसवावी लागते. घोडा केपेवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. ठासलेला बार परत काढणे हे किचकट काम, म्हणून डुक्कर आले नाही तर बंदूक तशीच ठासलेली खुंटीवर जाई, फक्त केप काढून ठेवली जाई. केप नाही तर बंदूक म्हणजे लाकूड, असे आजोबा म्हणत, आणि आम्ही सर्वांनी ते मानले होते.

मी नऊ वर्षांचा होतो, चुलतभाऊ अकरा वर्षांचा. दिवाळी होती. आमच्या खेळण्यातल्या बंदुकीची स्प्रिंग तुटली आणि टिकल्यांची लाल डबी शिल्लक राहिली. मोठी माणसे मळ्यात गेलेली. चुलतभाऊ पाटावर चढला, बंदूक काढली आणि ओटीवर आणून तिच्या बोंडीवर एकावर एक अशा तीन टिकल्या ठेवल्या. टिकली फुटण्याचा आवाज मोठा व्हावा, एवढीच त्याची इच्छा होती. दस्ता त्याने काखेत धरला होता आणि नळी जड म्हणून तिचे तोंड वर वाशांना टेकवले होते. त्याने घोडा ओढला, मी कानात बोटे घातली, आणि बार उडाला. पडवीची सातआठ कौले खाली आली. धूर इतका की मला तो दिसेना आणि तो रडत असेल तर मला ऐकूही येत नव्हते. नळी जड नसती आणि त्याने ती नेहमीसारखी, म्हणजे चोर-पोलीस खेळताना धरायचो तशी, माझ्यासमोर आडवी धरली असती तर मी आज हे लिहीत नसतो.

आजोबांनी कोणालाही मारले नाही. ते ओट्यावर बसून राहिले. टिकलीची दारू केपेचे काम करील हे चाळीस वर्षे बंदूक वापरणाऱ्या माणसाच्या मनात कधी आले नव्हते, आणि अकरा वर्षांच्या मुलाला ते खेळता खेळता सुचले होते. दुसऱ्या दिवशी बंदूक लोखंडी पेटीत गेली आणि किल्ली आजोबांच्या जानव्याला.

---

तिरकस | ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:००

कौलारू, माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण “आमच्यापैकी कोणाला काही झाले नाही” या धर्तीचा युक्तिवाद यापुढे जपून करीन. ज्यांना झाले असेल ते इथे लिहायला नसतात, हे ध्यानात आले नव्हते.

---

दहा_मीटर | ४ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४:२५

मी कोल्हापुरात एअर रायफल शिकवतो. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला २०२४ साली कांस्यपदक मिळाल्यापासून आमच्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन येणारे पालक वाढले आहेत. त्यांना वाटते की पहिल्याच दिवशी मुलगा नेम धरील. पहिले काही दिवस आम्ही त्याला छर्रा दाखवतही नाही. रायफल उचलायची कशी, टेबलावर ठेवायची कशी, नळीचे तोंड कायम लक्ष्याच्याच दिशेला कसे राहील आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर कसे ठेवायचे, एवढेच शिकवतो. नळीतून आरपार जाणारी एक भडक रंगाची दोरी असते. ती बाहेर दिसते आहे म्हणजे आत छर्रा नाही, हे दहा पावलांवरूनही कळते. “स्टॉप” म्हटले की श्वास रोखलेला असला तरी थांबायचे. बंदूक रिकामी आहे असे मला कोणी सांगितले तर मी मुलाला विचारतो, तू पाहिलेस का? नसेल पाहिले तर ती भरलेली आहे.

डॉक्टरांच्या मताला माझा थोडा आक्षेप आहे. ज्या वस्तूला हात लावायचा नाही एवढेच सांगितले जाते, तिचेच मुलाला सर्वांत जास्त आकर्षण असते. माझ्याकडे वर्षभर शिकलेले मूल बंदूक कुणावर रोखत नाही, खेळण्यातलीही नाही. रिकामी रायफल हसत हसत मैत्रिणीकडे वळवली म्हणून मी एका चांगल्या मुलीला महिनाभर नुसते बसवून ठेवले होते. आज ती राज्य पातळीवर खेळते. अंगणवेल यांनी मुलाला तेच खेळणे हातात देऊन हे नियम त्यावरच शिकवावेत.

---

शिशिरऋतू | ४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५०

आपल्या शिस्तीविषयी मला आदरच आहे आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाबाबत मी वादही घालणार नाही. पण आपल्या रेंजवर सतत एक प्रशिक्षक मागे उभा असतो. मित्राच्या घरातल्या झोपण्याच्या खोलीत तो नसतो, मित्र मात्र असतो आणि तो “घाबरलास का” असे विचारत असतो. त्यात सहा वर्षांचे मूल. बोटाने चाप ओढला जात नसेल तर लहान मुले पिस्तूल उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबतात, म्हणजे नळी त्यांच्याच छातीकडे असते.

आणखी एक, दोरीचा विषय निघाला म्हणून. घरगुती पिस्तुलात मूठीतले मॅगझिन काढले की ते रिकामे झाले, असा अनेक मोठ्या माणसांचाही समज असतो. एक गोळी आधीच नळीच्या मागच्या खोबणीत चढलेली असू शकते आणि मॅगझिन काढल्याने ती बाहेर येत नाही. कौलारू यांच्या आजोबांची केप आणि हे मॅगझिन, चूक एकच आहे. “आमची रिकामीच असते” हे उत्तर म्हणूनच पुरेसे मानू नका, कुलूप आहे का ते विचारा. येथे अनेक पोलीस ठाण्यांत नळीतून ओवायचे तारेचे कुलूप फुकट मिळते, त्यामुळे पैशांची सबबही उरत नाही.

---

माळवी | ५ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:१०

आम्ही इंदूरचे मराठी. यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे आणि विशेषतः भोपाळ, विदिशा भागात जे झाले ते या धाग्यावर यायला हवे. प्लास्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि पाणी घालायचे, आत ॲसिटिलीन वायू तयार होतो, मग गॅस पेटवायच्या लायटरने ठिणगी द्यायची, की तोफेसारखा आवाज. दीडदोनशे रुपयांना रस्त्यावर विकली जाणारी ही कार्बाइड गन. कित्येकदा ती लगेच पेटत नाही आणि मूल का पेटली नाही हे पाहायला नळीत डोकावते, आणि नेमकी तेव्हाच ती पेटते. किती तरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काहींची दृष्टी गेली. विकणारे तिला खेळणे म्हणत होते, घेणारेही. माझ्या भाच्याने आणलेली मी बादलीत बुडवून फेकून दिली आणि आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

---

अंगणवेल | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०५

सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण धैर्य गोळा करायला चार दिवस लागले.

दशमी यांनी सुचवल्याप्रमाणे मी आजोबांच्या खेळण्यावरून सुरुवात केली. मित्राची आई क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली की बंदूक आहे, छोट्या लोखंडी पेटीत आहे, कुलूप आहे. मी सुटकेचा श्वास टाकणार तोच ती स्वतःच म्हणाली की किल्ली मात्र त्याच खणात, मोज्यांखाली असते, आणि हे म्हणता म्हणता तिचाच आवाज बदलला. तिच्या मुलाने ती पेटी उघडलेली पाहिली आहे, हे मी तिला सांगितले नाही. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, ओशाळलेला होता. आकडे दाबून उघडणारी पेटी त्याने मागवली आहे आणि गोळ्या गॅरेजमधल्या वेगळ्या कपाटात हलवल्या आहेत. ती पेटी येईपर्यंत मुले आमच्याकडे खेळतील असे ठरले. फोन ठेवताना त्याने मला विचारले, “आणि तुमच्याकडे?” तीस घरांना विचारणाऱ्या दशमींना हा प्रश्न किती वेळा आला असेल कुणास ठाऊक, मला तो अपेक्षितच नव्हता. मी म्हटले, एक आहे, पुण्याची, टिकल्यांशिवायची.

ती बंदूक आता घराबाहेर जात नाही. सासऱ्यांनी माझ्या नेलपॉलिशने तिचे टोक नारिंगी केले. डॉक्टर म्हणतील त्याने काही होत नाही, आणि ते खरे आहे, पण त्यांनी ते चष्मा लावून, वर्तमानपत्र अंथरून, दोन हात देऊन केले आणि मी त्यांना अडवले नाही. “तू पाहिलेस का?” हा दहा_मीटर यांचा खेळ घरात सुरू झाला आहे. आजोबा म्हणतात बंदूक रिकामी आहे, नातू म्हणतो मी पाहिले नाही, मग दोघे मिळून पाहतात. काल त्याने हाच प्रश्न मला रिकाम्या बिस्किटांच्या डब्याविषयी विचारला.

---

दशमी | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

सात वेळा. आणि पेटी आली की किल्ली मोज्यांखाली नाही ना, एवढे पुन्हा एकदा विचारा. आकड्यांच्या पेटीलाही एक अडीअडचणीची किल्ली असते.